स्टाफ कॉलेजातला पहिला आठवडा

रविवार, ४ जानेवारी

कॉलेजातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी निघाले. रात्रीच्या गाडीने चिपळूणहून पुणे, आणि पुण्याहून छत्रपती संभाजीनगरची सकाळची गाडी. निघताना आईने बॅगेत दोन स्वेटर कोंबले होते. कोकणातल्या माणसाला स्वेटर म्हणजे लग्नात मिळालेल्या डिनर सेटसारखा, कपाटात असतो एवढंच. त्यातला एक मी पुण्यातच चढवला आणि दुसरा नगरला काढून मांडीवर ठेवला.

नगरला चहासाठी थांबलो. (पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच.) आदल्या दिवशी ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती झालेली, त्यामुळे फलक उतरले नव्हते. ह्याच गावात मिस फरार यांच्या संस्थेत सावित्रीबाई शिकवायचं कसं ते शिकल्या, आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्येही. मी चहाचा कप हातात धरून मनात हिशेब मांडला. एम.कॉम. झालं, सेट झाली, पीएच.डी. रखडत चालू आहे, वर्गावर उभी राहून तीन वर्षं झाली. पण शिकवायचं कसं, हे मला आजवर कुणी एकदाही शिकवलेलं नाही. चौथीच्या मुलांना शिकवायला डी.एड. लागतं, दहावीला बी.एड. लागतं. बी.कॉम.ला शिकवायला आपण स्वतः पास झालेलं असलं की पुरतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी विभागप्रमुखांनी मला पुस्तक दिलं, वर्ग दाखवला आणि सांगितलं, "हजेरीपट ऑफिसातून घ्या." झालं प्रशिक्षण. वर्गात ११२ मुलं होती.

प्रवरासंगमच्या पुलावरून गोदावरी दिसली. पाणी ह्या काठापासून त्या काठापर्यंत. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, एवढंच डोक्यात घेऊन आलेल्या मला खिडकीतून मान काढून बघावं लागलं. शेजारचे काका म्हणाले, "जायकवाडीचं पाणी आहे हे. इथवर येतंय."

छत्रपती संभाजीनगरात उतरले तेव्हा दुपार झाली होती. रिक्षावाल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं पूर्ण नाव सांगायला लागले, तर तो मध्येच म्हणाला, "गेट ना?" इथे 'गेट' म्हटलं की विद्यापीठाचंच. गेटजवळ पुस्तकांच्या दुकानांसाठी जागा आखायचं काम चालू होतं. १४ जानेवारीला नामविस्तार दिन. १९५८ साली सुरू झालेल्या ह्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला, आणि नाव प्रत्यक्षात लागलं १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत काय काय झालं ते इथल्या रिक्षावाल्यालाही माहीत असतं. त्याने मला गेटपासून खोलीपर्यंतच्या रस्त्यात निम्मं सांगितलं.

खोलीत माझ्याबरोबर नंदुरबारच्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडम. त्यांनी आल्या आल्या खिडकीबाहेरची तीन झाडं ओळखली आणि झोपून गेल्या.

सोमवार, ५ जानेवारी

ज्या केंद्रात आम्ही आलो त्याचं आजचं नाव मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. त्याआधी मानव संसाधन विकास केंद्र होतं, आणि मुळात १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर देशभर अशी केंद्रं निघाली तेव्हाचं नाव अकॅडमिक स्टाफ कॉलेज. नावं दोनदा बदलली तरी जुनी माणसं 'स्टाफ कॉलेज'च म्हणतात, आणि प्राध्यापकांच्या स्टाफरूममधला प्रश्नही तोच राहिला आहे: "तुमचं ओरिएंटेशन झालं का?" आता त्याला इंडक्शन म्हणायचं. चार आठवडे, रोज सहा तास.

आम्ही ३८ जण. ओळखीच्या तासाला प्रत्येकाने उठून नाव, विषय आणि इथे येण्याचा हेतू सांगायचा होता. पहिल्या पंधरा जणांनी 'अध्यापन कौशल्यांचा विकास' केला. सोळावे किनवटचे गणिताचे सर. ते म्हणाले, "लेव्हल १० मधून ११ मध्ये जायचंय. कॅसला हे लागतं." (लेव्हल पगाराची, आणि कॅस म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची योजना.) वर्ग हसला. समोर बसलेल्या बाई म्हणाल्या, "चला, एक तरी खरा मिळाला."

ह्या बाईंविषयी थोडं सांगायला हवं. सत्तरीच्या आसपास वय, सुती साडी, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला तबकडी करून बांधलेलं. अध्यापक महाविद्यालयात ३४ वर्षं काढून निवृत्त झालेल्या. पहिल्या आठवड्याचे बरेच तास त्यांचेच. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, केंद्रातले डॉक्टरेटवाले सरसुद्धा. मॅडम म्हटलं की त्या मागे वळून बघतात.

बाईंनी एकेक कोरा कागद वाटला आणि सांगितलं, "गेल्या आठवड्यात तुमच्या वर्गात एखाद्या मुलाने विचारलेला एक प्रश्न लिहा. तुम्ही विचारलेला नव्हे, मुलाने विचारलेला. 'सर, परीक्षेला येणार का' आणि 'सर, जाऊ का' हे दोन सोडून."

मी पेन उघडलं. बंद केलं. परत उघडलं. शेजारी वनस्पतीशास्त्राच्या मॅडम कागदाच्या कोपऱ्यात पान काढत बसल्या होत्या. पाच मिनिटांनी कागद गोळा झाले, त्यात सात भरलेले होते. बाईंनी त्यावर भाषण केलं नाही. कागद पिशवीत टाकले आणि हजेरीच्या सह्या घ्यायला सांगितलं.

मंगळवार, ६ जानेवारी

सकाळी ब्लूम हे शिक्षणतज्ज्ञ. शिकण्याच्या उद्दिष्टांचं १९५६ सालचं त्यांचं वर्गीकरण, २००१ साली झालेली सुधारणा, आणि त्यावरून सीओ-पीओ, म्हणजे विषय आणि पदवी शिकून मुलाला काय यायला हवं ते, कसे लिहायचे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी आम्ही सगळेच हे तक्ते भरतो, बहुतेक वेळा मागच्या वर्षीचे तारीख बदलून. आज पहिल्यांदा कळलं की 'विद्यार्थ्याला घसारा (वापरामुळे वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत) समजेल' असं लिहून चालत नाही, कारण समजणं डोळ्यांना दिसत नाही. 'विद्यार्थी घसारा दोन पद्धतींनी काढून दाखवेल' असं लिहायचं, ते तपासता येतं. एवढं एक वाक्य तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर माझे बरेच कागद वाया गेले नसते.

दुपारी मी झोपले. दोष सर्वस्वी माझा. मेसमध्ये शेवभाजीचा रस्सा दोनदा घेतला होता.

बुधवार, ७ जानेवारी

आज आलेले सर तीस वर्षं पेपर तपासत आलेले. त्यांनी प्रत्येकाला एकाच उत्तराची झेरॉक्स दिली. पर्यावरणशास्त्राचा पेपर, कारण तो पदवीच्या सगळ्या शाखांना असतो आणि आमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी तपासलेला. प्रश्न पाणलोट क्षेत्र विकासाचा, १० गुणांचा. तपासा, आकडा लिहा, घडी करून द्या.

सरांनी घड्या उलगडून आकडे फळ्यावर लिहिले. सर्वांत कमी ३, सर्वांत जास्त ८. मी ७ दिले होते. तीनवाले कोण ते वेगळं सांगायला नको. किनवटचे सर हात वर करून बसले होते.

मग त्यांनी गुणदानाचा तक्ता दिला: व्याख्या २, गरज व कारणं ३, उदाहरण ३, आकृती २. तेच उत्तर पुन्हा तपासायचं. ह्या खेपेला बहुतेकांचे ५ किंवा ६ आले. मी आकृतीच्या रकान्याशी अडले, कारण उत्तरात आकृतीच नव्हती. पहिल्या वेळी मला ते दिसलंच नव्हतं. अक्षर गोल आणि सुबक होतं, समास आखलेला होता, उपशीर्षकांखाली पट्टीने रेघा मारल्या होत्या. मी त्या रेघांना ७ दिले होते.

सर म्हणाले, "ह्या पोराला चौतीस जणांनी पास केलं असतं आणि चार जणांनी नापास. सगळे प्रामाणिक." रिचेकिंगचा अर्ज घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पोरांशी मी आजवर कशी बोलले ते आठवून मला संध्याकाळचा चहा गोड लागला नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

सूक्ष्मपाठ. बी.एड. केलेल्यांना हा शब्द ऐकून घाम फुटतो, आम्हाला तो नवीन होता. १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. विद्यार्थी मोजके, वेळ थोडा, आणि एका वेळी एकच कौशल्य. आपल्याकडे त्याचं ३६ मिनिटांचं चक्र ठरलेलं आहे. ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं त्यावर इतरांनी बोलायचं, १२ मिनिटं पाठ पुन्हा आखायला, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा बोलणं. बाईंनी मधल्या १२ मिनिटांचे दोन दिवस केले होते. "तुम्ही प्राध्यापक. तुम्हाला बारा मिनिटांत चूक पटत नाही."

चिठ्ठ्या काढल्या. कुणाला फलक लेखन, कुणाला चेतक बदल, कुणाला सज्जता प्रवर्तन. (पाठाची सुरुवात करून मुलांचं लक्ष वेधणं, ह्याला मराठीत इतका जड शब्द का, ते विचारायचं राहून गेलं.) मला आलं प्रश्न कौशल्य. मी मनातून खूश. प्रश्न तर मी ढीगभर विचारते.

विषय घसारा. फळ्यावर मोटारसायकल, किंमत ८०,००० रुपये. एक पद्धत दरवर्षी सारखी रक्कम कमी करायची: १० टक्क्यांनी ८,००० गेले, दहा वर्षांत गाडी शून्य. दुसरी पद्धत उरलेल्या किमतीवर घसारा काढायची. आयकरात गाडीला १५ टक्के धरतात, तेच घेतले. पहिल्या वर्षी १२,००० गेले, उरले ६८,०००. दुसऱ्या वर्षी त्याचे १५ टक्के म्हणजे १०,२००, उरले ५७,८००. हात भराभर चालत होता, आवाजही बरा लागला होता. पाचव्या मिनिटाला, विद्यार्थी म्हणून बसलेले किनवटचे सर उठले.

"मॅडम, असं उरलेल्यातूनच काढत राहिलं, तर गाडी शून्य कधी होतीय मग?"

मी हसून म्हणाले, "छान प्रश्न आहे. पण तो आपल्या सिलॅबसमध्ये नाही. पुढे जाऊ या."

सगळे हसले, कारण सगळ्यांनी हे वाक्य म्हटलेलं आहे. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

पाठ संपल्यावर निरीक्षण तक्ता वाचून दाखवला गेला. एकूण प्रश्न ९. त्यातले ४ 'समजलं का?' हे. ३ प्रश्नांची उत्तरं मीच दिलेली. वर्गाकडून उत्तर आलं २ प्रश्नांना. बाई म्हणाल्या, "पाठ नीटनेटका झाला. आता सांगा, गाडी कधी शून्य होते?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या घड्याळाची तबकडी वर करून शांत बसल्या होत्या. कुणी खोकलं. बाहेर कुठेतरी मोटारसायकल सुरू झाली आणि दूर गेली. मला वाटलं, आता बाई म्हणतील, बरं, राहू दे. त्या काहीच म्हणेनात. मी फळ्याकडे वळून आकडे बघितले. ६८,०००, ५७,८००. पुढचा आकडा मनात केला, ४९,१३०. दर वर्षी उरलेल्याचा ८५ टक्के भाग उरतोच आहे.

"होत नाही," मी म्हणाले. "कधीच होत नाही. म्हणून शेवटी मोडीची किंमत धरावी लागते."

"अकरा सेकंद," बाई म्हणाल्या. "उत्तर तुम्हाला येत होतं. फक्त अकरा सेकंद लागले. तुम्ही वर्गाला सरासरी एक दिलात."

त्यांनी सांगितलं की मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात हे वर्गावर्गांतून मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात, आणि मुलं स्वतःहून प्रश्नही जास्त विचारतात. फळा पुसताना माझ्या डोळ्यांसमोर सोमवारचा कोरा कागद आला.

शुक्रवार, ९ जानेवारी

दिवसभर इतरांचे पाठ. इंग्रजीच्या एका सरांना प्रबलन, म्हणजे शाबासकी देऊन उत्तेजन देणं, आलं होतं. त्यांनी सहा मिनिटांत 'व्हेरी गुड' सतरा वेळा म्हटलं, त्यातलं एक चुकीच्या उत्तराला.

संध्याकाळी किनवटचे सर म्हणाले, चला, माझं कॉलेज दाखवतो. विद्यापीठाच्या जवळच नागसेनवन. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. सर तिथले विद्यार्थी. घरात कॉलेजात जाणारे ते पहिले. किनवटहून आले तेव्हा पिशवीत भाकरी आणि सुतळीने बांधलेली गादी. झाडांखालून चालताना त्यांनी इमारती दाखवल्या, त्यांची खोली दाखवली, आणि मग मला विचारलं, "मिलिंद कोण होता, माहीत आहे ना?"

मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, एवढं माहीत होतं. भिक्खू नागसेनांना त्याने प्रश्नावर प्रश्न विचारले आणि ते सगळे पाली ग्रंथात उतरले.

"उत्तरं नागसेनानं दिली," सर म्हणाले. "वनाला नाव त्याचं. पण कॉलेजला नाव कुणाचं दिलंय बघा. ज्यानं विचारलं त्याचं."

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. सरांनाही ते नको होतं बहुतेक. ते वसतिगृहातल्या पोराला मेसचा आत्ताचा रेट विचारत होते.

रात्री जेवताना माझा उद्याचा पाठ निघाला. पोरांना 'कधीच शून्य होत नाही' हे दाखवायचं कसं? सरांनी ताटातली भाकरी उचलली. अर्धी मोडून बाजूला ठेवली. उरलेल्या अर्धीची अर्धी, तिची अर्धी, तिची अर्धी. वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी त्यांचीही भाकरी दिली, १५ टक्के कसे मोडायचे ते बघायला. तेवढ्यात वाढणाऱ्या मावशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय करायलात सर? खायचं अस्तंय का मोडायचं अस्तंय ते?"

शनिवार, १० जानेवारी

पुनर्पाठ. ह्या वेळी फळ्यावर दोनच आकडे लिहिले, ८०,००० आणि १५ टक्के. विचारलं, "दहा वर्षांनी ह्या गाडीची वहीतली किंमत किती?" आणि थांबले.

तीन सेकंद फार मोठे असतात. खडू हातात फिरवत मी मनात मोजत होते, आणि दोनवर येताच तोंड आपोआप उघडलं. मी ते मिटलं. नंदुरबारच्या मॅडम म्हणाल्या, "शून्य?" मी 'नाही' म्हणाले नाही, 'व्हेरी गुड'ही म्हणाले नाही. फळ्यावर शून्य लिहिलं आणि परत थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "शून्य कसं होईल? उरलेल्याचेच काढतोय ना आपण." चौघांनी मोबाईल काढले. १५,७५० च्या आसपास आलं. "वीस वर्षांनी?" ३,१०० च्या आसपास. मग भूगोलाचे सर म्हणाले, "एवढ्याला तर भंगारवालाही जास्त देईल," आणि मोडीची किंमत माझ्या तोंडून नाही, वर्गातून आली.

तेवढ्यात सहा मिनिटं संपली. सारख्या रकमेची पद्धत शिकवायची राहूनच गेली होती. तक्त्यात प्रश्न ३, वर्गाची उत्तरं ५. फलक लेखन तिरकं, असा शेराही होता.

मी बाईंना विचारलं, "पण हे बसवायचं कसं? सेमिस्टरला तास मोजके, त्यातले निम्मे उपक्रमांत जातात. वर्गात ११२ मुलं. प्रत्येक प्रश्नाला असं थांबले तर घसाऱ्यातच दिवाळी येईल."

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी युक्ती सांगतील.

"नाही बसत," त्या म्हणाल्या. "मलाही कधी पुरं बसवता आलं नाही." आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

रविवार, ११ जानेवारी

सुट्टी. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याला जाणारे ह्या वाटेला क्वचितच वळतात. आम्ही सहा जण सकाळी निघालो. पायऱ्या चढून वर गेलं की खाली बीबी का मकबऱ्याचा घुमट धुक्यात दिसतो, आणि अलीकडे विद्यापीठाची झाडी. कालपर्यंत जिथे घाम फुटत होता ते केंद्र त्या झाडीत शोधूनही सापडलं नाही.

तिसऱ्या लेण्यात मी बराच वेळ थांबले. बाहेरच्या खांबांवरचं कोरीवकाम बघून आत गेलं की गाभाऱ्यात अंधार. डोळे सरावल्यावर बुद्धमूर्ती दिसते. पाय खाली सोडून बसलेली, हात धर्मचक्र मुद्रेत, म्हणजे उपदेश करताना. असे बुद्ध पुष्कळ लेण्यांत असतात. इथे वेगळं आहे ते समोर. दोन्ही बाजूंना माणसाएवढ्या उंचीच्या स्त्रिया आणि पुरुष गुडघ्यावर बसलेले आहेत, पाषाणातले. कुणाचे हात जोडलेले, कुणाच्या हातात माळ. केशरचना निरनिराळ्या, दागिने निरनिराळे, चेहरेही. आपण आत जातो ते थेट त्यांच्या मध्येच.

नंदुरबारच्या मॅडम म्हणाल्या, "हजेरी पूर्ण आहे." किनवटचे सर मोबाईलचा टॉर्च एकेका चेहऱ्यावर फिरवत होते. एका पुरुषाजवळ थांबून म्हणाले, "हा काहीतरी विचारणार आहे बघा." मला तसं दिसलं नाही. मला तो नुसताच ऐकत होता असं वाटलं. आमचा थोडा वाद झाला. भूगोलाचे सर म्हणाले की ओठाजवळ दगड झिजलाय, म्हणून तसं दिसतंय.

परतीच्या रस्त्यावर हुरडा मिळाला. कोवळी ज्वारी, गोवऱ्यांच्या आरात भाजलेली, तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायची. दोन्ही स्वेटरांना धुराचा वास लागला. उद्यापासून आयसीटीचा आठवडा, व्हिडिओ कसे बनवायचे ते शिकवणार आहेत. लॅपटॉप चार्ज करून ठेवायला सांगितलं आहे.

रात्री मेसमध्ये मावशींनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि किनवटच्या सरांच्या ताटात वाढण्याआधी हात आखडता घेतला.

"सर, मोडणार नसाल तर देते."

सरांनी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. मावशी भाकरी हातात धरून उभ्या होत्या.